कळकलेला दर्या

बारामतीत हाडांचे डॉक्टर जयवंतराव यांच्या घरी समुद्र आहे, ही गोष्ट सुप्यापासून इंदापूरपर्यंत ज्याला त्याला ठाऊक होती. हात मोडलेला माणूस आधी हात दाखवायचा आणि मग प्लॅस्टर वाळेपर्यंत समुद्र बघत बसायचा. दवाखाना आणि घर एकाच इमारतीत होतं. ओसरीवर पेशंटांची बाकडी, आणि ओसरीच्या मोठ्या खिडकीतून आतल्या दिवाणखान्यातली पाच फुटी काचेची पेटी दिसायची. पेटीत खारं पाणी, पाण्यात दगड आणि दगडांवर जिवंत पोवळी. त्यातलं एक पोवळं माणसाच्या पंजाएवढं होतं, त्याला वीसेक बोटं. वरचे दिवे लागले की ती बोटं हळूहळू फुलायची. शिवाय दोन केशरी मासे, लाल पट्ट्यांच्या दोन कोळंब्या आणि काच चाटत फिरणाऱ्या गोगलगायी. खरा समुद्र इथून घाट उतरून दिवसभराच्या वाटेवर. त्यामुळे काही लोक हाड धडधाकट असतानाही ओसरीवर येऊन बसायचे.

ही पेटी बांधली होती बादशाहभाईंनी. पाच फूट काच, त्यात सातशे लिटर खारं पाणी, आणि थेंबभर गळती नाही. असं काम बारामतीत दुसरं कुणी करत नव्हतं, आणि ही गोष्ट स्वतः बादशाहभाई समोरच्याला पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकत. नावाप्रमाणे थोडा ताठा होता माणसाला, आणि खरं सांगायचं तर तो शोभायचाही.

मूळचे ते अंथुर्ण्याचे. घराणं कलईवाल्यांचं. नवव्या वर्षी हातात भाता आला आणि बापाच्या मागोमाग त्यांनी सणसर, अंथुर्णे, पार इंदापूरपर्यंतच्या आळ्या पालथ्या घातल्या. झाडाखाली खड्डा खणायचा, कोळसे फुलवायचे, भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं असं फिरवायचं की काळवंडलेलं पितळ आतून चांदीसारखं लखलखलं पाहिजे. हे काम त्यांनी तीस वर्षं केलं. मग घरोघरी स्टील आलं. स्टीलला कलई लागत नाही, चिंच लागत नाही, आणि कलईवाला तर मुळीच लागत नाही. बायांनी लग्नातली पातेली मोडीत घातली आणि चकचकीत डबे आणले. सगळ्या आळीत हाळी देत फिरावं आणि एकही दार उघडू नये, असे दिवस आले. तेव्हा चाळिशीला टेकलेला हा माणूस बायकोला, गौहरला, घेऊन बारामतीला आला, एका फोटो-फ्रेमच्या दुकानात काच कापायला शिकला आणि सात-आठ वर्षांत भिगवण रस्त्याला स्वतःचा गाळा थाटून माशांच्या पेट्या बांधू लागला. एक धंदा हातातल्या हातात मेलेला त्यांनी पाहिला होता. दुसरा त्यांनी तळहातावरच्या फोडासारखा जपला.

डॉक्टरांची पेटी १९९५ च्या दिवाळीत बसली. वर्षभर सगळं छान चाललं. समुद्राचं पाणी यायचं सुकट-बोंबलाच्या ट्रकमधून. झुंबर नावाचा ड्रायव्हर हर्णैला जायचा आणि पंधरा दिवसांनी सुकटीबरोबर निळ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये खारं पाणी भरून आणायचा. लोकं दर्यावरून मासं आणत्यात, आपुन नुसतं पाणी वाहतोय, असं तो दर खेपेला म्हणायचा आणि दर खेपेला स्वतःच हसायचा. पेटीतलं थोडं जुनं पाणी काढायचं आणि हे नवं घालायचं, असा डॉक्टरांचा नेम होता.

पुढच्या वर्षी गणपती उठायच्या सुमाराला पेटीच्या वरच्या अंगाची आडवी काचपट्टी तडकली. बादशाहभाईंनी ती बदलली, काच चिकटवायचं सिलिकॉन भरलं, चार दिवस वाळवलं. आणि त्यानंतर महिन्याभरात, ऐन दिवाळीच्या तोंडावर, समुद्राला उतरती कळा लागली.

आधी गोगलगायी काचेवरून टपाटपा खाली पडल्या. मग एका सकाळी दोन्ही कोळंब्या उताण्या. बोटांचं पोवळं मिटलं ते मिटलंच, त्याच्यावर पांढरा शेंबूड धरला, आणि आठवड्याभरात ते वाळक्या आल्याच्या तुकड्याएवढं उरलं. बाकीची पोवळी तर दगडावरून गळून गेली. नवल म्हणजे मासे ठणठणीत होते. दोघे केशरी मासे त्या मसणवटीत मजेत फिरत होते.

डॉक्टरांनी सगळं तपासलं. पाण्याचा खारेपणा मोजला, थर्मामीटर लावला, दिव्याच्या नळ्या बदलल्या, लोडशेडिंगला शिव्या घालून झाल्या. शेवटी मुंबईच्या एका जाणकाराला फोन लावला. तो म्हणाला, बाथरूमसाठी एक सिलिकॉन मिळतं, त्यात बुरशी मारायचं औषध असतं. ते पेटीला वापरलं तर असंच होतं. डॉक्टरांना महिन्यापूर्वीची डागडुजी आठवली आणि त्यांचं डोकं फिरलं.

त्याच दिवशी बादशाहभाई सहज विचारपूस करायला ओसरीवर आले होते. बाजारचा दिवस, बाकडी भरलेली. डॉक्टर बाहेर आले आणि वीस-पंचवीस माणसांसमोर म्हणाले, "तुमच्या त्या सिलिकॉनच्या मसाल्यानं माझा समुद्र मारला, बादशाहभाई. हलका माल वापरायचा होता तर आधी सांगायचं. उद्या कुणाच्या घरी पेटी लावाल तर निदान त्याला खरं सांगून लावा."

ज्या माणसाच्या तोंडाला बारा महिने कुलूप नसायचं, तो खाली मान घालून पायऱ्या उतरला. बाजारात बोललेलं बाजारभर होतं. आठवड्यात दोन गिऱ्हाइकांनी पेटी नको म्हणून निरोप धाडला. तिसऱ्याने निरोपसुद्धा धाडला नाही.

पण त्यांना खरी टोचणी वेगळीच होती. पट्टी बसवताना त्यांची नेहमीची ट्यूब अर्ध्यात संपली होती, आणि उरलेलं काम त्यांनी गावातल्या दुकानातून आणलेल्या नव्या ट्यूबने उरकलं होतं. दिसायला तीच, वासाला तीच. पण ती तीच होती का? चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असं म्हणावं, तर आधी आपण संन्यासी आहोत याची खात्री नको का? दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी गौहरनं ताट पुढं सरकवलं आणि सरळ सांगितलं, "चूक तुमची आसल तर कबूल करा. नसल तर दाखवून द्या. पन आदी बघा तरी. न बघता सुतक पाळायची कसली रीत ही?"

बाई बोलायला कडू, पण बोलली ते खरं. बादशाहभाईंनी झुंबरला गाठलं आणि सांगितलं, येताना दोन कॅन पाणी जास्त आण आणि हर्णैच्या खडकावरच्या जित्या गोगलगायी ओल्या शेवाळात गुंडाळून आण. झुंबरनं कपाळावर हात मारला. पाणी झालं, आता गोगलगायी, पुढल्या खेपेला वाळू मागाल, म्हणाला. पण आणल्या. गौहरनं लोणच्याच्या चार काचेच्या बरण्या रिकाम्या करून धुऊन दिल्या. सहज नाही दिल्या, लिंबाचं लोणचं पातेल्यात काढावं लागलं याबद्दल बोलून मग दिल्या.

आता बघा हा शिक्षण नसलेला माणूस काय करतो. पहिल्या बरणीत कॅनमधलं नुसतं पाणी. दुसरीत तेच पाणी आणि जुन्या ट्यूबचं वाळलेलं सिलिकॉन. तिसरीत तेच पाणी आणि गावातल्या ट्यूबचं सिलिकॉन. चौथ्या बरणीत डॉक्टरांच्या पेटीतलं पाणी. ते त्यांनी डॉक्टर दवाखान्यात असताना त्यांच्या आईकडून, कौसल्याबाईंकडून, मागून आणलं. प्रत्येक बरणीत चार-चार गोगलगायी सोडल्या आणि समोर स्टूल टाकून बसले.

संध्याकाळपर्यंत पहिल्या तीन बरण्यांतल्या गोगलगायी काचेवर चढल्या. चौथीतल्या चारही आपापल्या शंखाचं झाकण लावून तळाला पडून राहिल्या. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांनी तिसऱ्या बरणीतली एक तर बरणीच्या तोंडातून बाहेर निघून गौहरच्या मिठाच्या डब्यापर्यंत पोचली. गावातलं सिलिकॉन निर्दोष होतं. बादशाहभाईंनी कितीतरी दिवसांनी पोटभर जेवून ढेकर दिली.

दुसरा कुणी असता तर तिसरी बरणी उचलून थेट ओसरीवर गेला असता. बादशाहभाईही निघाले होते. पायात चपला घालता घालता त्यांच्या मनात आलं, आपण सुटलो, पण समुद्र कशानं मेला ते कुठं कळलं? कॅनमधलं पाणी चांगलं, पेटीतलं वाईट. म्हणजे जे काही होतंय ते कॅन आणि पेटी यांच्या मधल्या वाटेवर. ती वाट डोळ्यांनी बघायला हवी. त्यांनी बरणी ठेवली आणि रिकाम्या हातानं गेले.

दुपारची वेळ, डॉक्टर ऑपरेशनात. कौसल्याबाईंनी त्यांना आत घेतलं. सत्तरीची बाई, पोराच्या समुद्रावर पोरापेक्षा जास्त जीव. पोवळी मेली तेव्हा डॉक्टर चिडले होते, ही बाई रडली होती. बादशाहभाईंनी विचारलं, कॅन आल्यावर पाण्याचं पुढं काय काय होतं, मला पहिल्यापासून दाखवा. तिनं हौसेनं सगळं दाखवलं. कॅन मागच्या खोलीत येतात. तिथून बादल्या भरून पेटीपाशी ठेवायचं काम घरातल्यांचं, डॉक्टर फक्त पेटीत ओततात. पण कॅन येतात सुकटीच्या ट्रकमधून, त्यांना बोंबलाचा वास. दर्या म्हणजे देव, त्याचं पाणी असं घाणेरड्या प्लॅस्टिकात पंधरा दिवस सडत ठेवायचं हे तिला पहिल्यापासून खटकत होतं. घटस्थापनेच्या आधी घरातली भांडी घासायला निघाली, तेव्हा माळ्यावरून तिचा माहेरचा तांब्याचा मोठा हंडा खाली आला. तेव्हापासून ती कॅनमधलं पाणी हंड्यात ओतून, वर ताट झाकून ठेवत होती. रिकामा झाला की दर खेपेला चिंचेनं लख्ख घासायची.

"तांब्यात पानी शुद्ध हुतं," ती म्हणाली. "जयवंताच सांगतो की पेशंटास्नी. रातभर तांब्यात ठिवा, जंतू मरत्यात म्हनतो."

बादशाहभाई हंड्याजवळ गेले. हंडा असा झळकत होता की दुसऱ्या कुणी त्याची तारीफ केली असती. पण कलईवाला भांडं पोटाकडून बघत नाही, गळ्याकडून बघतो. गळा जिथं आत वळतो तिथं चिंच पोचत नाही आणि बाईचा हातही पोचत नाही. त्यांनी दोन बोटं आत घालून वळणाच्या खाली फिरवली. बोटांना हिरवं-निळं लागलं. मग त्यांनी हंड्यातल्या पाण्यात करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.

खारट तर होतंच. पण खारटाच्या मागून ती चव आली. जीभ आखडते, दातांच्या मुळाशी कसंतरी होतं, आणि थुंकलं तरी ती जात नाही. नवव्या वर्षी बापानं त्यांना कलई उडालेल्या पातेल्यातलं ताक चाखवलं होतं आणि सांगितलं होतं, ही चव ध्यानात ठेव, आपलं सगळं पोट या चवीवर आहे. आळीत कुणाचं ताक, कुणाची आमटी कळकली, म्हणजे भांड्याच्या धातूनं नासली, की लोक त्यांच्या बापाला बोलवायचे. मुंबईचा जाणकार, थर्मामीटर, दिव्याच्या नळ्या, सगळं झालं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. बादशाहभाईंना तिथं नाचावंसं वाटलं. चाळीस वर्षांपूर्वीची चव जिभेनं ओळखली होती, आणि ती ओळखणारी दुसरी जीभ आख्ख्या बारामतीत नव्हती.

मग त्यांची नजर कौसल्याबाईंकडे गेली. त्या वाट बघत होत्या, काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल म्हणून. आणि आनंदानं फुललेला हा माणूस एकदम खालच्या पट्टीत आला. त्यांनी हंड्यातलं थोडं पाणी मागून घेतलं आणि नुसतं एवढंच म्हटलं, की डॉक्टर आले की मला बोलवा.

संध्याकाळी ते पहिली आणि चौथी बरणी, आणि गौहरकडून मागून घेतलेली आणखी एक पाचवी, घेऊन आले. पाचवीत हंड्यातलं पाणी होतं, आणि तिच्यातल्या गोगलगायींनी तासाभरात दारं लावून घेतली होती. शेजारी कॅनच्या पाण्याची पहिली बरणी, तिच्यातल्या काचेवर फिरत होत्या. डॉक्टर आधी उभ्यानं ऐकत होते, मग खाली बसले. माणूस तापट होता, पण अडाणी नव्हता.

"तुमचा दर्या कळकलाय, डॉक्टर," बादशाहभाई म्हणाले. "गोडं पानी तांब्याला फारसं खात न्हाय. खारं खातं. आंबट-खारट तांब्यात ठेवलं की इख हुतंय, हे आमच्या आळीतली बारकी पोरगीबी सांगंल. मासं मोठं जनावर, त्यांनी सोसलं. बाकीच्यास्नी न्हाय सोसलं. तांब्यानं जंतू मरत्यात म्हनता न्हवं? तांब्याला जंतू कुठला अन् फूल कुठलं, ते कळत न्हाय."

हंडा कुणी भरला, हे त्यांनी सांगितलं नाही. पाणी तांब्याला लागलं, एवढंच सांगितलं. डॉक्टरांच्या कपाळाची शीर तट्ट फुगली. त्यांनी कामवालीला हाक मारायला तोंड उघडलं. तेवढ्यात कौसल्याबाई पुढं झाल्या आणि म्हणाल्या, मी भरला. म्हातारी खांबासारखी ताठ उभी होती, फक्त पदराचं टोक मुठीत चुरगळलं होतं. डॉक्टर आईला काय बोलणार? त्यांनी पाचवी बरणी उचलून पाहिली, परत ठेवली. मग बादशाहभाईंकडे वळून हात जोडले आणि म्हणाले, चुकलं माझं.

इथं गोष्ट संपली असती, पण बादशाहभाई म्हणजे बादशाहभाई.

"तुमी मला चारचौघांत बोलला हुतासा," ते म्हणाले. "माफी हितं घरात मागू नगा. अन् आजबी नगं. आदी हे नीट करू द्या मला."

आणि ते कामाला लागले. पेटीतली सगळी वाळू टाकून दिली, कारण वाळूनं तांबं धरून ठेवलं असणार. दगड एकेक करून कॅनमधल्या पाण्यात धुतले. झुंबरनं त्या दोन महिन्यांत पाच खेपा केल्या आणि शेवटच्या खेपेला ट्रकमध्ये सुकट कमी आणि समुद्र जास्त होता. पाणी कॅनमधून थेट पेटीत, मध्ये भांडं म्हणून नाही. नव्या पाण्यात आधी गोगलगाय सोडून बघायची, ती काचेवर चढली तरच पुढचं काम. बादशाहभाई रोज सकाळी गाळा उघडायच्या आधी येऊन जात. कौसल्याबाई त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसत. सुरुवातीला त्या त्यांच्याशी बोलत नसत. मग एक दिवस चहा देताना म्हणाल्या, त्या दिवशी तू माझं नाव घेतलं न्हाईस. बादशाहभाई म्हणाले, तुमीच घेतलंसा की. त्यानंतर दोघांच्या गप्पा थांबेनात.

बोटांच्या पोवळ्याचा आल्याएवढा तुकडा तेवढा तग धरून होता. डिसेंबर गेला तरी तो तसाच. डॉक्टर म्हणू लागले की गेलं ते. बादशाहभाई म्हणत, पांढरं पडलं न्हाय, वास न्हाय, मेलेलं असं नसतंय. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी कौसल्याबाईंना प्रथम दिसलं. तुकड्याच्या टोकाला तीन बोटं बाहेर आली होती, भातुकलीतल्या बाहुलीच्या असतात तेवढी, आणि पाण्याबरोबर हलत होती. त्या ओसरीवरच्या पेशंटांना ओलांडून अनवाणी भिगवण रस्त्याला गेल्या, बादशाहभाईंना घेऊन आल्या. बादशाहभाई काचेला नाक लावून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

तो दिवसही बाजाराचाच होता. बाकडी भरलेली, सणसरचे, सुप्याचे, अंथुर्ण्याचे लोक, कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये. डॉक्टर स्वतःहून बाहेर आले. कुणी आठवण करून द्यावी लागली नाही, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे.

"दिवाळीत मी इथंच उभा राहून या माणसावर आळ घेतला होता," डॉक्टर म्हणाले. "ज्यांनी ज्यांनी ऐकला असेल त्यांनी आता हेही ऐका. तो आळ खोटा होता. यांच्या कामात काडीचा दोष नव्हता. दोष माझ्या घरातला होता, तो यांनी शोधला, आणि मेलेला समुद्र यांनी उठवला. हे बादशाहभाई काचवाले. पेटी घ्यायची तर यांच्याकडूनच घ्या."

दारातून कौसल्याबाईंनी खणखणीत आवाजात जोड दिली की पाणी मी नासवलं होतं, त्यानं नाही. ओसरीवर कुजबुज झाली. पाय प्लॅस्टरमध्ये असलेल्या एका म्हाताऱ्यानं काठीवर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला आणि तो खिडकीतून पेटीकडे बघत राहिला. सगळे बादशाहभाईंकडे बघत होते. या घटकेसाठी त्यांनी अडीच महिने लांबलचक भाषण तयार केलं होतं. गौहरनं ते इतक्यांदा ऐकलं होतं की तिला पाठ झालं होतं. त्यातलं एक वाक्य आता आठवेना. आणि आठवलं नाही तेच बरं झालं.

"काचवाले न्हाय, डॉक्टर," ते म्हणाले. "कलईवाले म्हना. दर्या काचेनं न्हाय वळखला. कलईच्या जिभेनं वळखला."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं पुन्हा सांगितलं: हे अंथुर्ण्याचे बादशाहभाई, कलईवाले.